चर्च पाहायचंय? चला, देवपूरहून सुटली सफर!

नाशिकच्या गोदाघाटावर नारोशंकराचं देऊळ आहे. त्याच्या तटावर भलीमोठी घंटा टांगलेली आहे. गोदावरीला महापूर आला की अख्खं नाशिक एकच प्रश्न विचारतं, "घंटेला पाणी लागलं का?" पण ही घंटा मूळची कुठली, माहीत आहे का?

चर्चची! थेट पोर्तुगीजांच्या चर्चची!

तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत पोचल्या. एक नाशिकला, एक भीमाशंकरला, एक वाईजवळच्या मेणवलीला. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरियम आजही दिसते. घाट तोच, जिथे शाहरुख खानच्या 'स्वदेस'चं शूटिंग झालं. धर्म बदलला, पत्ता बदलला, घंटेची ड्यूटी मात्र चालूच!

आता मुद्द्यावर. आपल्या धुळ्याच्या देवपुरात एकवीरा देवीच्या घंटानादात वाढलेलं पोर एक दिवस विचारतं, "पप्पा, चर्च आतून कसं असतं?" मग पुढच्या आठवड्यात, "त्याला एवढं उंच टोक कशाला?" मग, "आपण जाऊ या ना!" अशा वेळी "आधी होमवर्क संपव" म्हणून विषय संपवू नका. हा प्रश्न म्हणजे इतिहास, भूगोल, संगीत, चित्रकला आणि खगोलशास्त्र, सगळं एकाच तिकिटात. आणि मजा म्हणजे सफरीची सुरुवात करायला रोमला जावं लागत नाही. पांझरा ओलांडली की सुरू!

माहीत आहे का, खानदेशच्या चर्चचं एक नातं थेट बर्फाच्या देशांशी आहे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात काम करायला आली ती स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या माणसानं १८९० मध्ये अमेरिकेत ती स्थापन केली. जिथे नाक गोठतं तिथली माणसं, आणि पोस्टिंग कुठे? मे महिन्यातल्या धुळे-नंदुरबारला! मुलाला नकाशावर स्वीडन आणि धुळे दाखवा, मधे बोट फिरवू द्या. भूगोलाचा तास झाला.

भुसावळची गोष्ट निराळी. तिथे रेल्वे आली आणि रेल्वेबरोबर इंग्रज, अँग्लो-इंडियन आणि गोवेकर नोकरदार आले. मग त्यांची चर्चही उभी राहिली. जंक्शन फक्त गाड्यांचं नव्हतं!

आणि हा घ्या खास खानदेशी बॉम्ब.

१९०७. जळगावात मराठी कवींचं संमेलन भरलंय. मोठमोठे कवी बसलेत. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तेवढ्यात धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा उठतो आणि कविता म्हणतो. सभा थक्क! तिथेच त्याला नाव मिळतं, 'बालकवी'. हे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपले 'औदुंबर'वाले बालकवी. इथपर्यंत पुस्तकात असतं. पुढचं माहीत आहे का?

त्या संमेलनात रेव्हरंड नारायण वामन टिळक होते. कोकणात जन्मलेले ब्राह्मण, १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले, मराठीतले मोठे कवी. या पोराची कविता त्यांच्या मनात भरली आणि पुढे बालकवी टिळकांच्या अहमदनगरच्या घरी राहायला गेले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बालकवींवर पोटच्या पोरासारखी माया केली. म्हणजे धरणगावचा 'निसर्गकवी' एका ख्रिस्ती घरात जेवत होता, रुसत होता, कविता करत होता. शंभरेक वर्षांपूर्वी जे घर हे सहज करू शकलं, ते आपल्या फ्लॅटमध्ये आज का जमू नये?

लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' घरात आहेत का? नसतील तर आणाच. मराठीतल्या सगळ्यात हसऱ्या, सगळ्यात खऱ्या आत्मचरित्रांत त्यांची गणना होते. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हाची त्यांची घालमेल, सोवळ्याओवळ्याची भीती आणि ती भीती हळूहळू कशी गळून पडली, सगळं त्यांनी सांगितलंय. रात्री झोपताना मुलांना दोन-दोन पानं वाचून दाखवा. ती "अजून एक पान!" म्हणतील.

याच रेव्हरंड टिळकांमुळे चर्चमध्ये आणखी एक धमाल घडली. तुमच्या लेकीनं सिनेमात पाहिलेलं चर्च आठवा. लांब बाकं, पियानो, इंग्रजी गाणी. आता तिला रविवारी सकाळी एखाद्या मराठी चर्चच्या दारात उभी करा. आतून काय ऐकू येतं? पेटी! तबला! अभंगाच्या चालीवर येशूचं भजन! मराठी मंडळींच्या गीतपुस्तकाचं नाव आहे 'उपासना संगीत' आणि त्यात टिळकांची गीतं आजही हौसेनं गायली जातात. मराठीत ख्रिस्ती कीर्तनसुद्धा होतं, बरं का.

शेजारच्या काकू विचारणारच, "हे काय नवीन खूळ?" त्यांच्यासाठी आपल्याकडे धुळ्याचं रेडीमेड उत्तर आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तीच 'गीता प्रवचने'. हे तर प्रत्येक धुळेकराला पाठ. पण याच विनोबांनी ख्रिस्ती धर्मग्रंथांतलं सार काढून 'ख्रिस्तधर्म-सार' नावाचं पुस्तकही तयार केलं, माहीत आहे का? एकाच डोक्यात गीता आणि येशू सुखानं नांदले. काकूंना चहा द्या, विषय संपला.

चहावरून आठवलं! एका कप चहानं अख्खं पुणं हादरलं होतं.

ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी बडी पाहुणेमंडळी आलेली. पुढ्यात आली चहा-बिस्किटं. मग गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची यादी छापून आणली आणि एकच गदारोळ! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. बिस्किट बुडवलं चहात, वादळ उठलं पेठांत. त्या पंचहौदाचं चर्च गुरुवार पेठेत आजही दिमाखात उभं आहे, शेजारी उंच घंटाघर घेऊन. पुण्याला मामाकडे गेलात तर मुलांना नक्की दाखवा आणि बाहेर पडून चहा प्या. प्रायश्चित्त लागत नाही आता.

पुण्यातलंच दुसरं चर्च याच्या अगदी उलट. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला जागा कोणी दिली, माहीत आहे का? पेशव्यांनी! सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ मध्ये. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोवेकर शिपाई होते, त्यांना प्रार्थनेला जागा हवी होती. वसईच्या घंटा उतरवणारे पेशवे आणि पुण्यात चर्चला जमीन देणारेही पेशवेच. इतिहास असा झिगझॅग चालतो, म्हणून तर मुलांना तो आवडतो.

बरं, प्रत्यक्ष जायचं कसं? एकदम सोपं. आदल्या दिवशी पाळकांना किंवा फादरना फोन करा आणि सरळ सांगा, "आमच्या मुलाला चर्च बघायची फार हौस आहे." बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं. नुसती इमारत बघायची असेल तर मधल्या वारी जा. गाणी ऐकायची असतील तर रविवारी उपासनेच्या वेळी जा आणि मागच्या बाकावर बसा. दाराशी चपला काढलेल्या दिसल्या तर आपल्याही काढा. गावाकडच्या कित्येक चर्चमध्ये मंडळी सतरंजीवर मांडी घालून बसतात. फोटो विचारून, मोबाइल सायलेंट. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस त्या मंडळींच्या सभासदांसाठी असतो, तेव्हा आपण जागेवर शांत बसायचं. हे मुलाला घरूनच सांगून ठेवा, म्हणजे "मला का नाही दिलं?" हा प्रश्न भर उपासनेत येणार नाही!

आणि आत गेल्यावर एक डिटेक्टिव्ह गेम खेळा. वेदीवर, भिंतींवर मूर्ती दिसतात का? मरियम, संत, मेणबत्त्या दिसल्या तर बहुधा कॅथलिक चर्च. फक्त साधा क्रूस आणि बायबल दिसलं तर बहुधा प्रोटेस्टंट. मूल एका मिनिटात ओळखायला शिकतं. मग पुढच्या वेळी तेच तुम्हाला शिकवतं!

आता गाडी काढा. मुंबई-आग्रा रोड, दिशा नाशिक. वाटेत मालेगावचा भुईकोट किल्ला लागेल. तो कोणी बांधला? नारोशंकरांनीच! घंटेवाल्या देवळाचे मालक वाटेतच भेटले की. किल्ला बघून भूक लागली तर शेव-भाजी आहेच.

नाशिकला पोचलात की शरणपूर गाठा. इथली गोष्ट मला या सगळ्या सफरीत सगळ्यात जास्त भावते. म्हणून जरा थांबून सांगतो.

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतून माणसं पकडून गुलाम म्हणून विकली जात. इंग्रजी आरमार अरबी समुद्रात गुलामांची जहाजं अडवायचं आणि सुटलेल्यांपैकी काही मुलं मुंबईत उतरवली जायची. त्यांतली कित्येक पोचली नाशिकच्या शरणपुरात. चर्च मिशनरी सोसायटीनं १८५४ मध्ये ही वस्ती वसवली होती. आईबापांपासून तोडलेली आफ्रिकन मुलं गोदाकाठी शाळा शिकली, हातकाम शिकली.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. मोठा झाल्यावर तो आफ्रिकेत परतला, जगप्रसिद्ध संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पथकात. १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं, जेकबनं प्रार्थना वाचली आणि झाडावर अक्षरं कोरली. मग या माणसांनी काय केलं, माहीत आहे का? तो देह खांद्यावर घेऊन जंगलं, नद्या, दलदली तुडवत महिनोन्‌महिने चालत समुद्र गाठला! देहासोबत जेकब इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये लिव्हिंग्स्टन यांचा अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीचे मानकरी म्हणून जी माणसं उभी होती, त्यांत नाशिकला शिकलेला हा जेकब होता. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या चर्चमध्ये शरणपूरचा विद्यार्थी! पुस्तकात हा धडा नाही. म्हणून तो मुलांना तिथे, त्या जागेवर उभं राहून सांगायचा.

डोळे पुसले? चला, लोकल पकडू!

मुंबईत रोज लाखो माणसं एका चर्चचं नाव घेतात. "पुढील स्टेशन, चर्चगेट!" पण स्टेशनबाहेर चर्च कुठाय आणि गेट कुठाय? गेट होतं फोर्टच्या तटबंदीचं आणि ते सेंट थॉमस चर्चच्या दिशेनं उघडायचं. १८६०च्या दशकात तट पाडला, गेट गेलं, नाव उरलं. चर्च मात्र जागेवर आहे, १७१८च्या नाताळात सुरू झालेलं. हुतात्मा चौकातून चालत जा.

दादरला बसमध्ये कंडक्टर "पोर्तुगीज चर्च!" ओरडतो. तिथे गेलात तर पोर्तुगीज काहीच दिसणार नाही. सध्याची इमारत चार्ल्स कोरिया यांनी १९७०च्या दशकात डिझाइन केली. शिंपल्यांसारखी काँक्रीटची छतं, उघडी अंगणं. ड्रॉइंगची वही सोबत हवीच.

वांद्र्याच्या मोत माउली चर्चची इमारत १९०४ची, आर्किटेक्ट पारशी, जत्रा सप्टेंबरात आणि गर्दी सगळ्या धर्मांची. तिथे मेणाची घरं मिळतात, मेणाचे हातपाय मिळतात, मेणाची बाळं मिळतात. जे मागायचं त्या आकाराची मेणबत्ती! मुलं अर्धा तास त्या दुकानांसमोरून हलत नाहीत.

कुलाब्याच्या अफगाण चर्चचा मनोरा सुमारे २०० फूट. पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांच्या आठवणीसाठी बांधलेलं हे चर्च आणि त्याचं टोक समुद्रातल्या जहाजांना लांबून दिसायचं. "एवढं उंच टोक कशाला?" या प्रश्नाचं एक उत्तर मिळालं!

भारतातला पहिला कॅथलिक संत कुठला, माहीत आहे का? वसईचा! गोन्सालो गार्सिया. १५९७ मध्ये जपानच्या नागासाकीत त्याला क्रूसावर मारलं, १८६२ मध्ये पोपनी संत म्हणून जाहीर केलं. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये धाराशिवला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचं 'सुबोध बायबल' जाडजूड आहे. मोठ्या मुलांच्या हाती द्यायला झकास.

सुट्टीत गोवा ठरलंय? बीचच्या आधी अर्धा दिवस ओल्ड गोव्याला. तिथे से कॅथेड्रलकडे बघून मुलं पहिला प्रश्न विचारतात, "एका बाजूलाच मनोरा का?" कारण दुसरा १७७६ मध्ये कोसळला, परत बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' आहे. सोनं तिच्या आवाजात! समोरच्या बॉम जेझू बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत, चांदीच्या पेटीत. ती पेटी गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. संगमरवरी चौथरा मात्र इटलीहून आला, टस्कनीच्या राजघराण्याची भेट म्हणून. आणि गोव्याच्या जुन्या खिडक्यांना काच नसेल तर नीट बघा. तिथे शिंपले असतात, घासून पातळ केलेले. ऊन आत येतं, झळ नाही.

गोव्यातच लपलंय मराठीचं एक मोठं गुपित. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठीच्या प्रेमात पडला आणि त्यानं येशूची कथा लिहिली. कशी? ओव्यांमध्ये! जवळजवळ अकरा हजार ओव्या! 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, तुकोबा तेव्हा लहान होते. इंग्लंडच्या मुलखातला माणूस ज्ञानोबांच्या छंदात लिहितो, यापेक्षा भारी क्रॉसओव्हर दाखवा!

आणि बायबल मराठीत आणणारी एक बाई होती, हे मुलींना आवर्जून सांगा. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून अख्खं बायबल एकटीनं मराठीत आणलं आणि १९२२ मध्ये, काम हातावेगळं करूनच, जग सोडलं. छपाई केडगावच्या मुक्ती सदनातल्या बायकांनी केली. भाषांतर बाईचं, खिळे जुळवणारे हात बायकांचे.

आता जगाची झटपट चक्कर! इथिओपियातल्या लालिबेलात अकरा चर्च खडकातच कोरलेली आहेत, वरून खाली. कुठे पाहिलंय असं? वेरूळच्या कैलास लेण्यात! फिलिपिन्सच्या लास पिन्यास शहरातल्या चर्चचा ऑर्गन १८२४चा आहे आणि त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या. बासरी म्हणावी तर केवढी! बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया १८८२ पासून बांधलं जातंय. २०२५ मध्ये त्यानं जर्मनीतल्या उल्मच्या चर्चला मागे टाकून जगातल्या सगळ्यात उंच चर्चचा मान पटकावला. दीडशे वर्षं होत आली तरी काम चालूच. आपल्या गल्लीतल्या रस्त्याला निदान कंपनी मिळाली.

शेवटचा खेळ घरबसल्या. भिंतीवरचं कालनिर्णय काढा. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरला, मग ईस्टर दरवर्षी इकडे-तिकडे का पळतो? कारण ईस्टर चंद्रावर चालतो, आपल्या सणांसारखाच! २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा गाठायची, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा बहुतेक वेळा होळीची किंवा हनुमान जयंतीची निघते. २०२४ मध्ये होळीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला ईस्टर आला. २०२६ मध्ये २ एप्रिलला हनुमान जयंती, ३ ला गुड फ्रायडे, ५ ला ईस्टर. पौर्णिमाच रविवारी पडली तर मात्र तो रविवार सोडून पुढचा धरायचा. चर्चचा चंद्र स्वतःच्या कोष्टकानं चालतो, त्यामुळे एखाद्या वर्षी आपल्या पंचांगाशी चुकामूक होऊ शकते. ज्या वर्षी उत्तर जुळणार नाही, त्या वर्षी पोरगं पेन्सिल घेऊन पाळकांकडेच जाईल, "काका, इथे गडबड कशी झाली?" सोबत तुम्हीही जा. तेही कालनिर्णयच काढून बसतील.